घरची पेढी, पगारी माणसे : वाचकांचे प्रश्न

लातूर-उदगीरच्या डाळमिली, जालन्याच्या सळयांच्या रोलिंग मिली आणि बियाण्यांच्या कंपन्या, मानवत-परभणीकडील जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), नांदेडची कापड दुकाने, वाळूज-चिकलठाण्यातील सुटे भाग बनवणारे लहान कारखाने अशा मराठवाड्यातील कितीतरी व्यवसायांत भांडवल घरचे, निर्णय घरचे आणि राबणारी माणसे मात्र बाहेरची असतात. या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे कामगारांविषयी तक्रार करणारी आहेत. ती वाचताना असे दिसते की तक्रार कामगाराची असली, तरी गाठ पुष्कळदा घरातच बसलेली असते, आणि ती घरातच सोडवावी लागते. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : लातूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची डाळमिल आहे. वडील मोंढ्यातील (धान्यबाजारातील) खरेदी पाहतात, काका मिल पाहतात, चुलत भाऊ गाड्या व वसुली पाहतो आणि मी बाहेरगावच्या व्यापाऱ्यांशी सौदे करतो. आम्ही चौघेही भागीदार आहोत. अलीकडे आमचे एकामागून एक तीन मिस्त्री सोडून गेले. शेवटच्याला तर तीन हजार रुपये वाढवून दिले होते, तरी तो ऐन तुरीच्या हंगामात शेजारच्या मिलमध्ये गेला. चांगली माणसे आमच्याकडे टिकत का नाहीत? – एक वाचक, लातूर

उत्तर : कोण काय पाहतो हे आपण नेमके लिहिले आहे, पण मिस्त्रीला काम कोण सांगतो, याचा उल्लेख पत्रात कोठेही नाही. आपल्या मिलमध्ये साधारण असे घडत असावे : वडील मोंढ्यातून फोन करून हरभरा लावायला सांगतात, कारण कालच घेतलेल्या मालाला आज गिऱ्हाईक आहे, काकांना पाण्यावर घेऊन वाळवलेली तूर आधी संपवायची असते, कारण ती तशीच ठेवता येत नाही, आणि आपण व्यापाऱ्याला शब्द देऊन बसल्यामुळे फटका डाळीची, म्हणजे वरच्या प्रतीच्या तूरडाळीची, गाडी संध्याकाळपर्यंत भरून निघावी, असा आपला आग्रह असतो. तिन्ही हुकूम आपापल्या जागी रास्त आहेत. मिस्त्रीने मात्र त्यांतला एक पाळला की दोन मालक नाराज होतात, आणि दिवसभर राबून संध्याकाळी बोलणी खाऊनच तो घरी जातो. तीन हजारांची वाढ हे दुखणे कसे कमी करणार? शेजारच्या मिलमध्ये त्याला कदाचित तेवढाच पगार मिळत असेल, पण तेथे सांगणारा एकच असेल.

कायद्याच्या अंगानेही पाहावे. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ नुसार पेढीच्या कामकाजापुरता प्रत्येक भागीदार हा पेढीचा प्रतिनिधी असतो. त्यामुळे चौघांपैकी कोणीही दिलेला हुकूम मिस्त्रीच्या दृष्टीने पेढीचाच असतो आणि त्यांतला कोणता वरचढ, हे ठरवण्याची सोय त्याला नसते. त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की, करारपत्रात वेगळे ठरले नसेल तर रोजच्या कामकाजातील मतभेद प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेऊन बहुमताने मिटवावेत. आपण आपले करारपत्र एकदा काढून वाचावे. अशा करारपत्रांत नफ्या-तोट्याची वाटणी टक्क्यांत लिहिलेली असते, बँकेच्या सह्या कोणी करायच्या हेही असते. पण माणसाला कामावर कोण घेणार, पगार कोण वाढवणार, रजा कोण मंजूर करणार आणि कामावरून कोण काढणार, याविषयी सहसा एक ओळही सापडत नाही.

माझा सल्ला असा की, मिलमधील माणसांना काम फक्त काकांनी सांगावे. वडिलांनी, चुलत भावाने आणि आपण जे सांगायचे ते काकांना सांगावे. सकाळी मिल सुरू होण्यापूर्वी चौघांनी दहा मिनिटे बोलून त्या दिवशी काय लावायचे ते ठरवावे आणि ते फळ्यावर लिहावे. दिवसात काही बदल करावा लागला, तर तो फळ्यावर काकांच्याच हाताने व्हावा. हे ठरवणे सोपे आहे. पाळणे अवघड जाते ते पुढच्याच आठवड्यापासून. ज्याला काकांनी रजा नाकारली तो वडिलांकडे जातो, ज्याला उचल मिळाली नाही तो चुलत भावाला गाडीपाशी गाठतो, आणि मोठ्या मनाचा मालक ठरण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. वडिलांनी काकांचा नकार एकदा जरी परस्पर फिरवला, तरी मिलमध्ये काकांच्या शब्दाला किंमत उरणार नाही. त्यांना तो निर्णय चुकीचा वाटला, तर त्यांनी घरी काकांना तसे सांगावे आणि बदलायचा असल्यास काकांनी स्वतः बदलावा.

वडिलांना हे कोणी सांगायचे, हा खरा पेच आहे. ज्येष्ठ माणसाला 'तुम्ही मिलमध्ये काही सांगू नका' असे मुलाने म्हणणे आपल्याकडे शोभत नाही, आणि म्हटले तरी त्याचा उपयोग होत नाही. ही गोष्ट काकांनी धाकट्या भावाच्या नात्याने मांडावी. त्याआधी एक करून पाहावे : सोडून गेलेल्या मिस्त्रीला वडिलांनीच चहाला बोलावून गेल्याचे कारण विचारावे. गेलेल्या माणसाशी पुन्हा बोलणे पुष्कळ मालकांना कमीपणाचे वाटते. परंतु मिलची खरी अवस्था त्याच्याइतकी स्पष्ट सांगणारा दुसरा कोणी मिळत नाही, कारण त्याला आता आपल्याकडून काही नको असते. मुलाच्या तोंडून जे पटणार नाही, ते मिस्त्रीच्या तोंडून ऐकल्यावर वडिलांना पटण्याचा संभव अधिक आहे.

प्रश्न : परभणीच्या मोंढ्यात आमची अडत आहे. वडिलांच्या निधनानंतर मी गादीवर बसतो. मुनीमकाका बावीस वर्षांपासून आमच्याकडे आहेत. मी शाळेत जायला लागलो तेव्हा मला ते सायकलवर सोडत. आता ते हिशेब संगणकावर घेऊ देत नाहीत, कोणत्या शेतकऱ्याकडे किती उचल आहे हे निम्मे वहीत आणि निम्मे त्यांच्या डोक्यात असते, आणि हाताखाली ठेवलेला कोणताही मुलगा त्यांच्यापुढे टिकत नाही. त्यांचा पगार अठरा हजार आहे. काढायचे मन होत नाही, ठेवले तर काम अडते. – एक वाचक, परभणी

उत्तर : मुनीमकाकांचा हा आडमुठेपणा कोठून येतो, हे आधी पाहू. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याजवळ नियुक्तीपत्र नसावे, भविष्यनिर्वाह निधीही नसावा. असल्यास तसे आपण लिहिले असते. शेतकऱ्यांच्या उचलीचा तोंडपाठ हिशेब एवढीच त्यांच्या म्हातारपणाची ठेव आहे. तो संगणकात उतरला की आपली गरज संपली, असे त्यांना वाटत असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून संगणकाचा विषय बाजूला ठेवून प्रथम त्यांच्या निवृत्तीविषयी बोलावे, आणि तेही आकड्यांत बोलावे.

उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी १९७२ च्या कायद्याने सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्याने ती आता सामाजिक सुरक्षा संहितेखाली येते. दुकान व गोदाम मिळून मागील बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी दहा माणसे कामावर असली, तरी ती लागू होते, आणि पुढे संख्या घटली म्हणून सुटत नाही. (माथाडी कायदा, १९६९ खाली मंडळाकडे नोंदलेल्या हमालांची मजुरी मंडळामार्फत जाते; त्यांचा विचार मी येथे केलेला नाही.) सलग पाच वर्षे नोकरी झालेल्या कायम कर्मचाऱ्याला प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागते आणि त्यासाठी महिना सव्वीस दिवसांचा धरतात. अठरा हजारांना सव्वीसने भागून पंधराने गुणल्यास १०,३८४ रुपये ६२ पैसे होतात. बावीस वर्षांचे सुमारे २,२८,४६० रुपये होतील. मूळ वेतन कमी दाखवून बाकीची रक्कम भत्त्यांत टाकण्याची जुनी युक्ती आता फारशी चालणार नाही, कारण भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग नव्या व्याख्येनुसार वेतनातच धरला जातो.

आपल्याकडे दहा माणसे कधीच नव्हती, तर कायदा आपल्याला भाग पाडणार नाही. तरीही ही रक्कम द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उपकार म्हणून देऊ नये; देणे म्हणून द्यावी. मोंढ्यात कोणत्या दुकानाने आपल्या मुनीमाला कसा निरोप दिला, हे सगळ्या गाळ्यांना ठाऊक असते, आणि आपल्याकडे येऊ पाहणारा पुढचा माणूस त्यावरूनच आपल्याला जोखतो. एकदम देणे जड जात असेल तर आजच वेगळे खाते उघडून दरमहा त्यात रक्कम टाकावी आणि पासबुक मुनीमकाकांना दाखवावे.

त्यानंतर कामाकडे वळावे. निवृत्तीचा महिना दोघांनी मिळून ठरवावा. वर्षभराची मुदत पुरेशी आहे. या वर्षात उधारी आणि उचल वहीतून संगणकावर उतरवण्याचे काम नव्या मुलाने करावे, पण प्रत्येक खाते तपासून बरोबर असल्याची सही मुनीमकाकांची असावी. ज्या उचली केवळ त्यांच्या स्मरणात आहेत, त्या शेतकऱ्याला समोर बसवून लिहून घ्याव्यात, आणि तुरी-सोयाबीनची आवक सुरू होण्यापूर्वी हे संपवावे, कारण हंगामात कोणालाही मान वर करायला वेळ नसतो. हाताखालचा मुलगा आपण परस्पर न ठेवता त्यांनाच निवडायला सांगावा. स्वतः निवडलेल्या मुलाला पळवून लावणे माणसाला जड जाते.

एक सावधगिरी सांगतो. गल्ला आणि वही एकाच माणसाच्या हाती राहू देऊ नये. मुनीमकाकांवर संशय घ्यावा असा याचा अर्थ नाही. उलट, पुढे एखाद्या खात्यात फरक निघाला तर बावीस वर्षे सचोटीने काम केलेल्या माणसावर घरात कुजबुज सुरू होऊ नये, यासाठीच ही सोय आहे. दरवर्षी बाहेरच्या हिशेबतपासनिसाकडून तपासणी करून घ्यावी आणि ती करायची की नाही हे कोणाच्याही मर्जीवर ठेवू नये. त्यांना काका म्हणणे अर्थातच चालू ठेवावे. मात्र काका म्हणतो म्हणून हिशेब विचारायचा संकोच वाटत असेल, तर आठवड्यातील एक वार आणि वेळ ठरवून टाकावी. ठरल्या वेळी विचारलेला हिशेब कोणाला टोचत नाही.

प्रश्न : मी पगारी माणूस आहे. वाळूज येथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका घरगुती कारखान्यात चार वर्षांपासून व्यवस्थापक आहे; साठ कामगार आहेत. मालकांचा धाकटा मुलगा अभियांत्रिकी शिकून आला आहे. त्याला कोणतेही पद दिलेले नाही, पण तो यंत्रांवरील माणसांना परस्पर सूचना देतो. मालकांना सांगितले तर ते म्हणतात, 'तो शिकतो आहे, सांभाळून घ्या.' चूक झाली की जाब मात्र मला विचारतात. राजीनामा द्यावा का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : इतक्यात देऊ नये. पण एक गोष्ट आजच तपासावी. कारखान्याच्या परवान्यावर व्यवस्थापक म्हणून आपले नाव असेल, तर सुरक्षेच्या नियमांच्या भंगाबद्दल भोगवटादाराबरोबर, म्हणजे मालकाबरोबर, आपल्यालाही जबाबदार धरले जाऊ शकते. उत्पादन वाढावे म्हणून मुलाने प्रेसचा संरक्षक पडदा काढायला लावला आणि एखाद्याची बोटे गेली, तर 'धाकट्या साहेबांनी सांगितले होते' हे उत्तर निरीक्षकापुढे पुरणार नाही. म्हणून सुरक्षेशी संबंधित सूचना असेल तर ती स्पष्टपणे नाकारावी आणि नाकारल्याचे मालकांना त्याच दिवशी लेखी कळवावे. इतर सूचनांच्या बाबतीत 'आपण सांगितल्याप्रमाणे आज अमुक भाग दुसऱ्या यंत्रावर लावत आहोत' एवढा साधा निरोप मोबाइलवर मुलाला पाठवावा व मालकांनाही त्याची प्रत द्यावी. त्यात तक्रारीचा सूर नको. आपण जे सांगतो ते लिहून राहते, हे लक्षात आल्यावर सूचना आपोआप कमी होतात.

मालकांशी बोलताना मुलाविरुद्ध गाऱ्हाणे नेऊ नये; बाप ते ऐकून घेतो आणि विसरत नाही. त्याऐवजी मुलासाठी एक निश्चित काम सुचवावे. उदाहरणार्थ, एका ग्राहकाच्या मालातील नाकारल्या जाणाऱ्या भागांचे प्रमाण वर्षभरात किती खाली आणायचे, हे उद्दिष्ट त्याला द्यावे, त्यासाठी दोन माणसे त्याच्या हाताखाली द्यावीत आणि त्या वर्षापुरते त्याने आपल्याला उत्तर द्यावे, असे मांडावे. अभियंत्याला असे मोजता येणारे काम आवडतेही. हे पत्र वाचणाऱ्या मालकांना एवढेच सांगेन की, मुलाला घरच्या कारखान्यात आणण्यापूर्वी दोन वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी करू द्यावी. हजेरीपटावर वेळेत अंगठा उमटवण्याची सवय घरच्या कारखान्यात लागत नाही.

आपल्या भवितव्याविषयी मात्र भ्रमात राहू नये. घराण्याच्या कारखान्यात वरची खुर्ची बहुधा घरातल्यालाच मिळते. पाच वर्षांनी माझे स्थान काय असेल, हे मालकांना सरळ विचारावे. सहा महिन्यांत ठोस उत्तर मिळाले नाही, तर वाळूजपासून शेंद्रा-बिडकीनपर्यंत अनुभवी माणसाला काम आहे.

प्रश्न : आमची मानवत भागात जिनिंग आहे. दसऱ्याला मजुरांना वीस-वीस हजारांची उचल द्यावी लागते, आणि त्यांतले काही जण महिनाभरात निघून जातात. काही जिनिंगवाले मजुरांची आधार कार्डे ठेवून घेतात व उचल फिटेपर्यंत पगार रोखतात. आम्हीही तसे करावे का? – एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : मुळीच करू नये. उचल फिटेपर्यंत माणसाला दुसरीकडे जाऊ न देणे ही बंधक मजुरी ठरते. १९७६ च्या बंधक मजूर पद्धती निर्मूलन कायद्याखाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि अशी उचल वसूल करण्याचा हक्कही राहत नाही. वेतनातून होणाऱ्या साऱ्या कपाती मिळून निम्म्या वेतनापेक्षा जास्त होता कामा नयेत, ही मर्यादा नव्या वेतन संहितेतही आहे. आणि मजूर काम सोडून गेला तर केलेल्या कामाचे पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागतात.

ही सवय आपल्याकडे ऊसतोडीतून आली असावी. तेथे मुकादम कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, हंगामाची उचल आधीच देतो. त्या धंद्यातही ती किती बुडते आणि त्यावरून किती मारामाऱ्या होतात, हे बीड जिल्ह्यात कोणालाही विचारावे. जिनिंगमध्ये तिची नक्कल करण्याचे कारण नाही. दसऱ्याला गावाकडच्या खर्चापुरती चार-पाच हजारांची रक्कम द्यावी आणि पुढची उचल झालेल्या कामाच्या हिशेबाने दर पंधरवड्याला द्यावी. पगार वेळेवर मिळतो अशी ख्याती झाली की मोठ्या उचलीची मागणी आपसूक घटते. उचल देणारा हात मात्र एकच असावा. दोन्ही भावांनी आपापल्या मोबाइलवरून पैसे पाठवले, तर हंगामाच्या शेवटी कोणाचे किती, हे भावांनाही सांगता येणार नाही.

प्रश्न : बीडमध्ये आमचे ठिबक सिंचन व पाइपचे दुकान आहे. आईच्या आग्रहामुळे बहिणीच्या मुलाला पंचवीस हजारांवर ठेवले. तो बाराला येतो, चारला जातो. बाकीचे अकरा जण बारा ते पंधरा हजारांवर दिवसभर राबतात. त्यांची कुरबुर वाढली आहे. भाच्याला बोललो तर घरात अबोला होईल. – एक वाचक, बीड

उत्तर : घरातला अबोला आणि दुकानातली कुरबुर यांपैकी आपण आजवर कुरबुर निवडली आहे, एवढे तरी स्वतःशी मान्य करावे. अकरा जणांना भाच्याचा पगार ठाऊक नसेल, अशा समजात राहू नये; तो त्यांना पहिल्याच महिन्यात कळलेला असतो.

पैसा माणसाला तीन नात्यांनी मिळतो. काम केले तर पगार, भांडवलात हिस्सा असेल तर नफा, आणि नाते असेल तर मदत. आपण भाच्याला मदत देत आहात आणि तिची नोंद पगाराच्या पटावर करत आहात. दुखणे त्यामुळेच वाढले आहे. बहिणीच्या घराला हातभार लावणे हे मामाचे कर्तव्य आपण मानत असाल, तर ती रक्कम घरखर्चातून, आईच्या हाताने द्यावी. आईलाही त्यात मान वाटेल. दुकानात यायचे असेल तर भाच्याची हजेरी, वेळ आणि पगार त्याच कामाच्या इतर माणसाइतकाच असावा. धंद्याच्या कामासाठी न दिलेली रक्कम आयकर खाते खर्च म्हणून नाकारू शकते, हेही आईला सांगता येईल. नात्यापेक्षा आयकराचे कारण पुढे करणे कधी कधी सोपे जाते. भागीदारांनाही हा न्याय लागू आहे : करारपत्रात लिहिलेले नसेल, तर पेढीत राबणाऱ्या भागीदाराला त्याबद्दल वेगळे वेतन मागण्याचा हक्क १९३२ च्या कायद्याने दिलेला नाही.

भाच्याला थेट काढू नये. शिवारात जाऊन ठिबकची आखणी करून देण्यासारखे, गिऱ्हाइकाच्या समाधानावरून मोजता येणारे काम त्याच्याकडे सोपवावे आणि तीन महिने पाहावे. काम जमले तर प्रश्न मिटेल. न जमल्यास तो निर्णय आईपुढे मांडण्याजोगा पुरावा तरी आपल्या हाती असेल.

प्रश्न : नांदेडमध्ये आमचे साड्यांचे मोठे दुकान आहे. मुलगी पदव्युत्तर शिक्षण घेऊन दोन वर्षांपासून दुकानात येते. खरेदीची जाण तिला माझ्यापेक्षा चांगली आहे. पण कामगार तिला 'ताई, ताई' म्हणतात आणि तिने सांगितलेले मला विचारल्याशिवाय करत नाहीत. – एक वाचक, नांदेड

उत्तर : ते आपल्याला विचारतात आणि आपण उत्तर देता, म्हणून ते विचारतात. पुढच्या वेळी कोणी विचारायला आले, तर 'ताईंनी काय सांगितले?' एवढेच म्हणून त्याला परत पाठवावे. तिचा निर्णय आपल्याला पटला नसला तरी दुकानात तसेच करावे. आठवड्यातून दोन दिवस आपण दुकानात येऊच नये. सुरतेच्या खरेदीला तिने जावे आणि व्यापाऱ्याशी भाव तिनेच करावा. त्या खरेदीतला काही माल पडून राहिला, तर तो आपल्याही खरेदीत राहत असे, हे जुन्या विक्रेत्यांना आठवत असेलच.

यापेक्षा खोलवर एक गोष्ट आहे. कामगार मनात हिशेब करत असतात की ताई लग्न होऊन जाणार, मग तिच्या शब्दावर आपण कशाला उभे राहायचे? त्यांच्या दृष्टीने हा हिशेब चुकीचा नाही, कारण आपण त्यांना वेगळे काही सांगितलेले नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आहे, आणि वडील त्या दुरुस्तीच्या वेळी हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. लग्नानंतरही तिचे दुकानातील स्थान काय असेल, ते आधी घरात ठरवावे. भागीदारीत तिचे नाव घालायचे असेल तर ते आत्ताच घालावे, बँकेत सही द्यावी, आणि मगच कामगारांना एकत्र बसवून सांगावे. घरात निर्णय झालेला नसताना दुकानात केलेल्या घोषणेवर कोणीही विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : लातूर जिल्ह्यात वेळ अमावस्येला निम्मे कामगार येतच नाहीत. सुटी जाहीर करावी का? कायद्याने ती द्यावीच लागते का? – एक वाचक, औसा

उत्तर : महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ जेथे लागू आहे, तेथे वर्षाला आठ पगारी सणसुट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या असून उरलेल्या चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी मिळून ठरवायच्या असतात. त्या चारांत वेळ अमावस्या घालावी. त्या दिवशी मालकाच्या घरचीही माणसे शेतात भज्जी-आंबील खायला गेलेली असतात, तेव्हा कामगारांनी गैरहजेरी लावून जावे, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. माल पाठवण्याची निकड असेल तर एखाद्या रविवारी काम ठेवून बदली सुटी देता येईल. ती अदलाबदल कामगारांच्या संमतीने, आठवडाभर आधी फलकावर लावावी.